केंद्राआधी केसपेपर

वाचक विचारतात

पोरांच्या दारू-नशेबद्दल आलेल्या पत्रांपैकी सात इथे घेतली आहेत. नावं गाळली, तालुके तेवढे ठेवले.

मुलगा १६ वर्षांचा, अकरावी सायन्सला. बागेत कामाला येणाऱ्या मोठ्या पोरांबरोबर बसतो. दोनदा तोंडाला वास आला. परवा सॅकमध्ये क्वार्टर सापडली, निम्मी संपलेली. भावकीतल्या एकाने व्यसनमुक्ती केंद्राचा नंबर दिलाय. ते म्हणतात, तुम्ही फक्त पत्ता द्या, रात्री गाडी येऊन उचलून नेईल, पण सहा महिने भेटायचं नाही. पाठवू का?
— एक आई, तासगाव तालुका

नका पाठवू, ताई. आणि तो नंबर पुढे कुणाला देऊही नका.

१८ वर्षांखालच्या मुलाला मानसोपचारासाठी भरती करायचं तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ८७ लागतं. दारू-नशेमुळे होणारे मानसिक आजारही याच कायद्यात येतात. अर्ज पालकाने करायचा. दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर वा मानसिक आरोग्य व्यावसायिक यांनी, मुलाला स्वतंत्रपणे तपासलेलं हवं. तेही भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या ७ दिवसांत. ‘भरतीशिवाय भागणार नाही’ यावर दोघांचं एकमत हवं. मुलाला मोठ्या माणसांच्या वॉर्डात ठेवता येत नाही. पालक किंवा पालकाने नेमलेलं माणूस पूर्ण मुक्काम त्याच्याजवळ राहिलं पाहिजे. ७२ तासांच्या आत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला, म्हणजे अशा भरतीवर नजर ठेवणाऱ्या मंडळाला, कळवावं लागतं. ‘सहा महिने भेटायचं नाही’ म्हणणारं केंद्र या एका वाक्यातच नापास होतं. साखळीने बांधून ठेवायला तर याच कायद्याने सरळ बंदी आहे, मुलगा असो की म्हातारा.

आता बाटलीकडे वळू. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे सुमारे ६१ ग्रॅम. डॉक्टर १० ग्रॅमला एक माप धरतात. अख्खी क्वार्टर सहा मापं, निम्मी तीन. ‘नुसती बिअर होती’ यावरही जाऊ नका: ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर चार मापांची भरते. शरीर ताशी साधारण एक माप उतरवतं. रात्री दहाला क्वार्टर संपवलेला पोरगा पहाटे चारच्या आधी गाडीवर बसायच्या लायकीचा नसतो. लिंबू, आंघोळ, काळा चहा यांनी तो वेळ कमी होत नाही.

ही सवय किती खोल आहे हे मापांवरून कळत नाही. त्यासाठी १२ ते २१ वयाच्या मुलांकरता सहा प्रश्नांची चाचणी वापरतात. नशा केलेल्याच्या गाडीवर कधी बसलास का, किंवा नशेत स्वतः चालवलीस का? मन हलकं व्हावं किंवा कंपूत सामील व्हावं म्हणून घेतोस का? एकटा असताना घेतोस का? घेतल्यावर काय केलं ते विसरतोस का? घरचे किंवा मित्र ‘कमी कर’ म्हणतात का? त्यापायी कधी अडचणीत आलास का? दोन ‘हो’ आले की तपासणी करून घ्यायची. हे प्रश्न स्वयंपाकघरात उभं करून विचारायचे नाहीत. डॉक्टर किंवा समुपदेशक एकांतात विचारतो तेव्हाच खरी उत्तरं येतात. तुम्ही घरी इतकंच करा: सकाळी, तो शुद्धीत आणि जेवलेला असताना, बाटली समोर ठेवून एका वाक्यात सांगा की हे दिसलं, काळजी वाटली, आपण दोघं डॉक्टरकडे जाऊ. रात्री वास आला त्या क्षणी झालेलं भांडण त्याला सकाळी आठवत नाही, तुमच्या मात्र डोक्यात राहतं.

मग मानसोपचार ओपीडीचा केसपेपर काढा. सांगलीचं सिव्हिल आणि मिरजेचं शासकीय रुग्णालय ही दोन्ही एकाच वैद्यकीय महाविद्यालयाची आहेत. ओपीडी कुठल्या इमारतीत आणि कोणत्या वारी ते खिडकीवर विचारून घ्या, एक हेलपाटा वाचतो. डॉक्टर मुलाशी एकट्याशी बोलतील, तेव्हा बाहेर बाकड्यावर बसा. ते रक्त तपासतील, झोप, उदासी, अभ्यासातली एकाग्रता यांचीही चौकशी करतील, कारण या वयात दारूच्या मागे पुष्कळदा दुसरंच काही दुखत असतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून भरतीची गरज दिसत नाही; काही आठवडे समुपदेशन आणि घरातल्यांच्या एक-दोन बैठका एवढ्यावर भागू शकतं. सकाळी हात थरथरणं, रोज पिणं, झटके येणं, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा, किंवा दारूबरोबर गोळ्याही असणं, यांतलं काही असेल तरच भरतीचा विचार होतो.

हमखास बिघडतं ते तिसऱ्या फेरीला. पोरगा दोन आठवडे शांत राहतो, घरचे म्हणतात झालं बरं, आणि तारीख चुकते. पुढच्या तारखा आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. मामाच्या गावाला पाठवण्याचा उपायही टाळा. क्वार्टर मामाच्या गावातही मिळते, आणि तिथे त्याच्यावर लक्ष कुणाचं नसतं.

आणि दुकानदार: महाराष्ट्रात बिअर-वाइनला वयाची अट २१, बाकी दारूला २५. लहान मुलाला दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ खाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ‘बस रे, एक पेग’ म्हणणारा चुलतभाऊही यातून सुटत नाही.

मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो, वय १७. त्याच्या खोलीत रबरी बुचाच्या काचेच्या छोट्या कुप्या आणि सुया सापडल्या. म्हणतो, पळताना दम लागत नाही, सगळेच घेतात. हे काय आहे?
— एक वडील, विटा

कुपीवरचं नाव वाचा. बहुधा ‘मेफेंटरमाइन’ असेल. तालीम, जिम आणि भरतीच्या अकादमी या तिन्ही ठिकाणी ते शिरलंय. औषध म्हणून ते खरं आहे: ऑपरेशनच्या वेळी पाठीत भूल दिल्यावर रक्तदाब घसरला की भूलतज्ज्ञ ते देतो, मॉनिटर लावून, एका वेळी काही मिलीग्रॅमच. एका कुपीत अशा कितीतरी मात्रा असतात. पोरं अंदाजाने ओढतात.

ते रक्तदाब आणि ठोके वाढवतं, थकव्याची जाणीव दाबतं. दम लागत नाही म्हणजे दम वाढला असं नव्हे. थांब म्हणणारी घंटा तेवढी बंद होते. उन्हात, घाम गाळून, पाणी कमी पिऊन १६०० मीटर पळणाऱ्या पोरात हेच घातक ठरतं: ठोक्यांची लय बिघडते आणि पोरगं मैदानातच कोसळतं. काही महिने घेतल्यावर झोप उडते, संशय वाढतो, कानात आवाज येतात, तेव्हा घरचे देवऋषीकडे जातात. सोडल्यावर आठवडाभर गळून गेल्यासारखं होतं, मन उदास राहतं, पोरगा पळायलाच उठत नाही. तो आळस नव्हे. त्या दिवसांत वेळेवर खाणं, झोप आणि ओपीडी. उदासी फार वाटली तर त्याला एकटं सोडू नका.

आधी सुयांचं बघा. टोपण पुन्हा लावायला जाऊ नका, बोटाला टोचणं तिथेच होतं. जाड प्लास्टिकच्या बरणीत टाका, झाकण चिकटपट्टीने बंद करा, जवळच्या दवाखान्यात द्या. टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, आणि लगेच सरकारी रुग्णालयात जा. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत, जमलं तर पहिल्या दोन तासांतच सुरू व्हावी लागतात.

मुलाला विचारा, सुई कुणाबरोबर वाटून घेतली का. उत्तर ‘नाही’ आलं तरी एचआयव्ही, कावीळ बी आणि सी या तपासण्या आत्ता करा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा. कावीळ सी औषधाने बरी होते, सरकारी कार्यक्रमात उपचार मोफत आहेत. कावीळ बीची लस घेतलेली नसेल तर तीन डोस: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. छातीत धडधड किंवा दुखणं असेल तर ईसीजी त्याच दिवशी.

हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. कुपीवरचा बॅच नंबर टिपून अन्न व औषध प्रशासनाच्या सांगली कार्यालयात लेखी तक्रार द्या. नंबर असला की मालाचा माग काढता येतो. अकादमीच्या सरांशी बोलाच, पण ‘माझा मुलगा’ म्हणून नको, सगळ्या पालकांना घेऊन जा. भरतीत एका सेकंदाने राहिलेल्या पोराला ‘घेऊ नको’ एवढं सांगून भागत नाही. त्याची पळण्याची वेळ खरोखर कशी कमी होईल हे शिकवणारा माणूस लागतो, आणि तो त्या अकादमीत आहे का, हेही बघा.

जेवणात न कळत मिसळायची दारू सोडवायची पावडर जाहिरातीत बघितली. नातवाला द्यावी का?
— एक आजी, पलूस तालुका

अजिबात नको, आजी. पाकिटात साखर असेल तर पैसे गेले. खरं औषध, म्हणजे डायसल्फिराम, असेल तर नातूच हातचा जायचा. ते पोटात असताना दारू प्यायली की दारूपासून बनणारं अॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य शरीरात साठतं: चेहरा लालबुंद, उलट्या, धडधड, रक्तदाब खाली. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम होऊ शकतो. आपल्याला काय दिलंय हेच ज्याला माहीत नाही, तो सावध कसा राहणार? मोठ्या माणसांनाही हे औषध त्यांना सांगून, त्यांच्या संमतीने, तपासण्या करूनच देतात.

मी १७ वर्षांचा. दीड वर्ष रोज गांजा ओढतो. सोडायचाय. डॉक्टरकडे गेलो तर पोलिसांना कळेल का? कॉलेजला? घरी?
— कराड

पोलिसांना डॉक्टर कळवत नाही. उपचाराची माहिती गुप्त ठेवणं मानसिक आरोग्य कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे. कॉलेजलाही नाही. घरी मात्र पूर्ण लपणार नाही: तू १८ च्या आत आहेस, कायद्याने पालक तुझे प्रतिनिधी आहेत, आणि उपचाराला त्यांची सही लागते. पण काय, कधी, कसं सांगायचं हे तू आणि डॉक्टर मिळून ठरवू शकता, तसं स्पष्ट माग. त्याआधी नुसतं बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत. व्यसनासाठीची वेगळी हेल्पलाइन १४४४६.

कायद्याचं खरं काय तेही ऐक. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा, १९८५ खाली गांजा ओढणं गुन्हाच आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये सूट आहे: नशा करण्याचा किंवा अल्प प्रमाणात बाळगण्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडला तर ही सूट काढून घेता येते. मित्रासाठी पुडी पोचवणं यात बसत नाही, आणि तिथेच तुझ्या वयाची पोरं अडकतात. तुझ्याकडून माल पोचवून घेणाऱ्या मोठ्यावर बाल न्याय कायद्याचं कलम ७८ लागतं, पण त्याने तुझा त्रास कमी होत नाही.

सोडताना काय होईल: पहिल्या एक ते तीन दिवसांत चिडचिड, घाम, भूक नाही, झोप नाही. पहिला आठवडा सगळ्यात वाईट. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक ओसरतं, विचित्र स्वप्नं थोडी जास्त दिवस टिकतात. यात जीव जात नाही, म्हणून गांजा एकदम सोडला तरी चालतो. झोपेसाठी मित्राकडची गोळी घेऊ नकोस, एक सुटून दुसरं लागतं. तंबाखूत मिसळून ओढत असशील तर तलफ दोन्हीची आहे. डॉक्टरला दोन्ही सांग, नाहीतर सिगारेटचा पहिला झुरका तुला परत चिलमीकडे नेईल. लोक आपल्याबद्दलच बोलतात असं वाटत असेल, किंवा आवाज ऐकू येत असतील, तर वाट बघू नकोस, याच आठवड्यात जा.

साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली ‘परिवर्तन’ ही संस्था व्यसनमुक्तीचंच काम करते. तुला तेही जवळ आहे. १८ च्या आतल्यांसाठी काय सोय आहे ते फोनवर विचार.

बहिणीचा मुलगा झोपेच्या गोळ्या, ‘बटण’ म्हणतात त्या, रोज दहा-बारा घेतो. घरात कोंडून आठवड्यात सोडवता येईल का?
— कुपवाड

कोंडू नका. गांजासारखं हे नाही. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम या गोळ्या एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते, आणि कोंडलेल्या खोलीत आलेली फिट कुणाला दिसत नाही. रोजच्या जड दारूचंही तसंच: शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत फिट, दोन ते चार दिवसांत भ्रम. गोळ्यांची मात्रा डॉक्टरच्या देखरेखीखाली आठवड्या-दोन आठवड्यांनी थोडी थोडी उतरवतात, त्याला काही आठवडे, कधी महिने लागतात. दहा-बारा गोळ्या म्हणजे सुरुवातीला भरती लागेल असं धरून चला. ओपीडीला जाईपर्यंत गोळ्या हिसकावू नका, मात्र त्यावर दारू पडू देऊ नका. दोन्ही मिळून श्वास थांबतो. जाताना रिकाम्या स्ट्रिप घेऊन जा. या गोळ्या शेड्यूल एच-१ या कडक नियमांच्या औषधयादीतल्या आहेत, मेडिकलवाल्याला प्रत्येक विक्रीची नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. स्ट्रिपवरचा बॅच नंबर तिथे कामाला येतो.

आठवीतली चार मुलं शाळेमागे पंक्चरचं सोल्यूशन पिशवीत घालून हुंगताना सापडली. शाळेने काय करावं? नाव कमी करावं असा काहींचा आग्रह आहे.
— एक मुख्याध्यापक, मिरज तालुका

नाव कमी करणं कायद्यातच बसत नाही, सर. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. आणि काढलं तर ती चौघं दिवसभर त्या पिशवीजवळच असतील.

हुंगणं ही लहान वयाची नशा आहे. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीत हुंगण्याच्या नशेचं प्रमाण १० ते १७ वयोगटात मोठ्यांपेक्षा जास्त निघालं: १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८. कारण साधं आहे, डबी स्वस्त मिळते आणि कुणी वय विचारत नाही. बाटलीतल्या व्हाइटनरच्या आणि त्याच्या थिनरच्या किरकोळ विक्रीवर २०१२ मध्ये बंदी आली, पण पंक्चरचं सोल्यूशन दुकानात असतंच.

शिपाई, वॉचमन, सगळ्या शिक्षकांना आजच एक गोष्ट सांगा: मुलं हुंगताना दिसली तर ओरडायचं नाही, पाठलाग करायचा नाही. सोल्यूशनमधल्या टोल्युइनसारख्या रसायनांच्या वाफांनी हृदय नाजूक झालेलं असतं. त्यात घाबरून पळाल्यावर अॅड्रेनलिनचा झोत आला की लय बिघडून जागीच मृत्यू होऊ शकतो. पहिल्यांदाच हुंगणाऱ्याचाही. शांतपणे जवळ जा, पिशवी बाजूला करा, मोकळ्या हवेत बसवा, अर्धा तास सोबत बसा. शुद्ध हरपली तर कुशीवर वळवून १०८.

नंतर पालकांना एकेकटं बोलवा, चौघांना एकत्र नको. तोंड-नाकाभोवती पुरळ, कपड्याला वास, चालताना झोक जाणं, हातापायांना मुंग्या ही लक्षणं त्यांना दाखवून द्या. मुंग्या येत असतील तर नसांना इजा झाली असू शकते, तपासणी लांबवू नका. ही नशा उतरवायचं खास औषध नाही, त्यामुळे भर समुपदेशनावर आणि दुपारचे मोकळे तास भरण्यावर. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याला येतं. त्या तारखा मागवून शाळेच्या फलकावर लावा. एखाद्या मुलाला घरी मारहाण होत असेल किंवा घरी कुणीच नसेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवा. ते प्रकरण बालकल्याण समितीपुढे जातं, पोलीस ठाण्यात नव्हे.

मेडिकलमधून लघवी तपासायचं किट आणून मुलाला न सांगता तपासलं तर? आणि उपचाराला खर्च किती येतो?
— एक आई-वडील, सांगली

किटवर पैसे घालू नका. एकदाच ओढलेला गांजा तीनेक दिवस दिसतो, रोजचा महिनाभरही. म्हणजे सोडलेल्या मुलालाही किट खोटारडा ठरवेल. उलट ट्रॅमाडोल ही नशेसाठी वापरली जाणारी वेदनाशामक गोळी नेहमीच्या अफूच्या पट्टीवर दिसत नाही, मेफेड्रोन म्हणजे ‘एमडी’ साध्या किटवर बहुधा दिसत नाही, आणि वासाने कळणारी दारू किटच्या आधी तुम्हालाच कळते. एमडीची काळजी आपल्या जिल्ह्यात अनाठायी नाही, २०२४ मध्ये कुपवाडला साठा आणि कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत कारखानाच सापडला होता. पण त्याची शंका डॉक्टरला सांगा, प्रयोगशाळेतली तपासणी तो लिहून देईल, मुलाला सांगून. चोरून केलेल्या तपासणीनंतर पोरं पहिली गोष्ट शिकतात ती लघवीच्या बाटलीत पाणी मिसळायची.

खर्च: सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रापासून उपजिल्हा रुग्णालयापर्यंत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या, भरती मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं दुसऱ्या विभागाखाली येतात, तिथे थोडं शुल्क असू शकतं. खासगी केंद्रात पैसे भरण्याआधी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती दिवस येतात, आणि दरमहा रकमेत औषधं धरली आहेत का, हे तिन्ही लेखी घ्या. मेडिक्लेमवर विसंबू नका. बऱ्याच पॉलिसींत व्यसनाच्या उपचाराला वगळणारं कलम असतं, भरतीच्या आधी एजंटला ते दाखवायला सांगा.